फाइल पाठवायची होती, एवढंच!

आमच्या लॅबच्या खिडक्या कायम बंद, एसी कायम चालू, तरी रोज सकाळी टेबलावर बारीक वाळू असतेच! किस्स्यांचंही तेच. मी दुबईतल्या एका कॉलेजात लॅब सांभाळते. गेल्या वर्षी सानिका आणि ग्लेन या दोघांनीच वर्षभर पुरतील एवढे किस्से पुरवले.

दोघांना फायनल इयरला फाइल ट्रान्सफर सर्व्हर बनवायचा होता. मोठमोठ्या फाइल्स इकडून तिकडे पाठवणारा. तोही ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणीही बघावा, कुणीही सुधारावा.

*

हेड सर नुकतेच पुण्याहून आलेले. ऐकून दचकलेच. "कुणीही बघणार? मग पासवर्डचं नाटक कशाला?"

ग्लेन वसईचा, फटकळ. "सर, बिल्डिंगचा नकाशा दाखवला म्हणून कुणी फ्लॅटची किल्ली देतं का?"

सर गंभीरपणे म्हणाले, "पण मी म्हणतो, नकाशा तरी का दाखवायचा?"

*

प्रपोजल द्यायचा शेवटचा दिवस. ग्लेन तापाने आजारी, अबू धाबीला खलिफा सिटीत घरी. प्रपोजलमध्ये त्याने इतकी चित्रं कोंबली होती की ईमेलमधून फाइल जाईचना!

शेवटी त्याचे डॅडी हॉटेलातली ड्यूटी बदलून, गाडी हाणत पेन ड्राइव्ह घेऊन आले. तो माझ्या हातात ठेवत म्हणाले, "मॅडम, पोरांचा सर्व्हर लवकर पास करा हो. तोपर्यंत मीच सर्व्हर!"

*

सानिका डिस्कव्हरी गार्डन्समध्ये माझ्याच मजल्यावर राहते. तिची आई मला ऐकवत होती, "एवढी मेहनत करायची आणि फुकट वाटून टाकायचं?"

सानिका लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आई, इट्स फॉर द कम्युनिटी!"

"हो का? मंडळाच्या गणपतीला मोदक वळायला बोलावलं, तेव्हा कुठे गेली होती तुझी कम्युनिटी?"

*

पहिली टेस्ट. हेड सरांनी मोठ्या विश्वासाने स्वतःच्या प्रबंधाची फाइल पाठवली. काम झाल्यावर स्क्रीनवर काय यावं, हे ग्लेनने इथल्या बोलीत लिहिलं होतं. मोठ्या लाल अक्षरांत आलं, "खलास!"

सर खुर्चीवरून उठलेच. "अरे, सहा वर्षांचं काम होतं रे ते!"

इथे खलास म्हणजे 'झालं, पूर्ण झालं', हे पटवेपर्यंत दोन चहा लागले.

*

आणि हा फायनल प्रेझेंटेशनचा. कमिटीची अट होती, बाहेरच्या एका तरी माणसाने सर्व्हर वापरून सूचना केलेली हवी. महिनाभर कुणी फिरकेना. सानिका रडकुंडीला आली.

मग प्रोजेक्टच्या वेबपानावर 'क्रेनवाला' या नावाने कुणीतरी उगवला. त्याने नेमकी चूक पकडली. एकाच नावाची दुसरी फाइल आली की पहिली पुसली जात होती. "आमच्याकडे दोन कंटेनरना एकच नंबर पडला तर बंदर थांबतं," असं त्याने लिहिलं. दोघांनी चार दिवस खपून ती चूक काढली.

प्रेझेंटेशनला ग्लेनने अभिमानाने क्रेनवाल्याच्या सूचनेचं पान पडद्यावर उघडलं. तेवढ्यात खाली नवी ओळ उमटली.

"आता उत्तम चालतंय. शाब्बास! सानू, आईचा फोन उचल. बाबा."

हेड सरांनी चष्मा काढला. "हा बाहेरचा माणूस?"

सानिका शांतपणे म्हणाली, "सर, बाबांची खोर फक्कानच्या बंदरात नोकरी आहे. आठवड्यातले पाच दिवस बाहेरच असतात!"

सरांनी चष्मा परत लावला आणि सही केली.