जैसलमेरच्या अलीकडे साठ किलोमीटर

मंचरच्या आमच्या शाळेत नववीचा तास चालू होता आणि शिपाई चिठ्ठी घेऊन आला. क्लार्कच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. विलासचा फोन होता. दत्ता गेला. खोटं कशाला सांगू, मला आधी राग आला. वाईट वाटलं ते नंतर, एसटीत बसल्यावर. चिठ्ठी हातात असताना मनात आलं ते एवढंच, की शेवटी या माणसानं स्वतःचंच खरं केलं... त्याला आता दीड महिना झाला. राग अजून पुरता गेलेला नाही, आणि ज्याच्यावर काढायचा तो माणूस नाही.

दत्ता, विलास आणि मी पिंपरी पेंढारच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढं विलासनं द्राक्षबाग केली, मी मास्तर झालो आणि दत्तानं नारायणगावात हायवेलगत गॅरेज टाकलं. मोटरसायकल, टेम्पो, फवारणीचा पंप, जे बंद पडेल ते तो चालू करायचा. परक्या माणसाला ‘नाय’ म्हणणं त्याला जमायचं नाही. आम्हाला मात्र तो सहज म्हणायचा. लग्नाची वेळ टळून जायची, जेवणं उरकायची, आणि मग हा हात पुसत मांडवात यायचा. मंदावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्यासाठी ताट वाढून ठेवणंही पुढं बंद केलं.

वाळवंटाची कल्पना माझी. दहा वर्षं मी फळ्यावर वाळूच्या टेकड्या काढत होतो. वारा या बाजूनं येतो म्हणून हा उतार मंद, तो उभा, असं मुलांना सांगत होतो. प्रत्यक्षात मी पाहिलेली वाळू म्हणजे कुकडीच्या पात्रातली, बांधकामाला नेतात ती. मला ती टेकडी एकदा डोळ्यांनी पाहायची होती, तिच्यावर चढायचं होतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं तीन मोटरसायकलींवर निघालो. जैसलमेर, आणि तिथून पुढं सम गावच्या वाळूच्या टेकड्या. गाड्या दत्तानं महिनाभर तयार केल्या होत्या. त्या बाबतीत त्याला बोल लावायला जागा नाही.

पण वाटेत तो जागोजागी थांबायचा. पालनपूरच्या अलीकडे एका जीपसाठी थांबला, सांचोरजवळ एका म्हाताऱ्याच्या मोपेडसाठी. परतायचा दिवस ठरलेला होता. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी शाळेत तपासणी होती. मी रोज नकाशावर बोट ठेवून उरलेले दिवस मोजायचो आणि दत्ता म्हणायचा, “व्हईल रं मास्तर, कशाला जीव काढतोस.”

बाडमेर सोडून आम्ही जैसलमेरच्या रस्त्याला लागलो. साठ किलोमीटर उरले असताना पाणी मागायला आम्ही एका वस्तीवर वळलो. चार-पाच झोपड्या, खेजडीची झाडं आणि एक खोल विहीर. तिथल्या म्हाताऱ्यानं तांब्याभर पाणी आणून दिलं. दत्तानं पाहिलं, की देताना तो माठ कलता करून तळातलं काढत होता. विहिरीवरचं डिझेल इंजिन चार दिवस बंद होतं आणि पाणी लांबून उंटावर येत होतं. दत्तानं तांब्या खाली ठेवला आणि पान्ह्यांची पिशवी सोडली. मला तेव्हाच कळलं, संपलं सगळं.

संध्याकाळपर्यंत इंजिन खोलून झालं. डिझेल पंपाचा एक भाग गेला होता, तो बाडमेरला मिळणार होता. म्हणजे पुन्हा मागं जाणं, आणि एक अख्खा दिवस. मी म्हटलं, “दत्ता, मिस्तरी इथंही असतील. आपण यांना निरोप धाडू.”

“चार दिस निरोपच धाडत्यात ते. कुणी आलं न्हाई.”

“आणि माझं काय? मी परत कधी येणार इकडं?”

“मग तू जा पुढं. वाळू कुठं पळून जाती का?”

तो चिडून बोलला नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच मी जास्त पेटलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाडमेरला निघाला आणि मी एकटा जैसलमेरच्या दिशेनं. विलास मला अडवत होता, मी ऐकलं नाही. वीस-एक किलोमीटरवर माझी क्लचची केबल तुटली. जादा केबल डिकीत होती, दत्तानंच ठेवलेली. ती बसवायची कशी ते मला माहीत नव्हतं. तीन तास मी त्या रस्त्यावर ऊन खात बसलो. दोन्ही बाजूंना झुडपं आणि सपाट माती, टेकडी कुठंच नाही. शेवटी एका ट्रकवाल्यानं गाडीसकट उचलून मला पुन्हा त्याच वस्तीवर आणून टाकलं.

दुपारी दत्ता आला. त्यानं केबल बसवली, दहा मिनिटांत. हसला नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. हौदात पाणी पडायला लागलं तेव्हा वस्तीतल्या बायका, पोरं सगळी धावली. विलास सांगतो, तो म्हातारा दत्ताचे काळे हात धरून उभा होता. मी ते पाहिलं नाही. मी पाठ करून सामान बांधत होतो. दिवस संपले होते. तिथूनच आम्ही मागं फिरलो, आणि गुजरात ओलांडेपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

नंतर दर दिवाळीला त्याचं एकच, “औंदा नक्की जाऊ, मास्तर.” कधी टोमॅटोचा हंगाम आडवा आला, कधी कुणाचा ट्रॅक्टर. सात-आठ दिवाळ्या अशाच गेल्या.

या मे महिन्यात तो बोलता बोलता छातीवर हात चोळायला लागला. “ॲसिडिटी हाय,” म्हणाला. वहिनींनी मला निरोप पाठवला, तुमचं ऐकतील. मी पुण्यातल्या एका डॉक्टरांची जूनअखेरची वेळ घेतली. ठरल्या सकाळी मी नारायणगावच्या एसटी स्टँडवर दोन तास त्याची वाट पाहिली. मग गॅरेजवर गेलो. टोमॅटो भरलेला एक टेम्पो उभा होता आणि दत्ता त्याच्याखाली झोपलेला. नुसते पाय दिसत होते.

“माल नासंल रं त्याचा. पुढच्या आठवड्यात जाऊ.”

मी तसाच निघून आलो. पाय धरून त्याला ओढून काढायला हवं होतं. वाळवंटातही मी असाच निघून गेलो होतो, पण तिथं मला परत आणणारा ट्रक भेटला. पुढचा आठवडा आला, तेव्हा दत्ता नव्हता.

मीना नदीच्या काठी दशक्रियेला मोठी गर्दी होती. भाषणं झाली. लई परोपकारी माणूस, स्वतःसाठी कधी जगला नाही, असं एकेकजण सांगत होता. मी विलासला म्हटलं, “याचं कौतुक काय करतात हे?” तो टेम्पोवालाही आला होता. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, त्या दिशी माल येळंत पोचला बघा, भाऊंमुळं.” त्याला काही ठाऊक नव्हतं. वहिनी त्या दिवशी एवढंच बोलल्या. “समद्यांना पुरला. आमालाच पुरला नाय.”

गेल्या आठवड्यात माझी गाडी मधेच बंद पडायला लागली म्हणून दुसऱ्या मिस्तरीकडं टाकली. दत्ता गाडीचं स्लो, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरायचा वेग, इतका कमी ठेवायचा, की ठोके एकेक मोजता यावेत. या मिस्तरीनं ते वाढवलं. गाडी झकास झाली, कुठं बंद पडेना. दोन दिवस मी ती चालवली. तिसऱ्या दिवशी परत गेलो आणि म्हटलं, होतं तसं कमी करून दे. “सर, बंद पडंल राव, म्हातारी गाडी हाय,” तो म्हणाला. पडू दे म्हटलं.

आता ती रोज बंद पडते. नारायणगावच्या चौकात मागून जीपवाले हॉर्न वाजवतात, शिव्या घालतात, आणि मी घामाघूम होऊन किक मारत राहतो.