प्लॅटिनम हललं नाही

लुआन सूयुनला राग सहसा येत नसे, पण आला की मुक्कामालाच येई. चीनमधल्या दालियानच्या बंदरावर मासे साफ करणाऱ्या बाईची ही मुलगी. रसायनशास्त्र शिकली, संशोधन संस्थेत लागली, आणि तिथल्या प्रमुखांनी, थेंग सरांनी, तिचा गळा कापला. गळा कापला असंच म्हणायचं, दुसरा शब्द नाही.

झालं असं, की प्लॅटिनम महाग. त्याच्या कणात काम करतात ते वरचे अणू, आतले नुसते बसून राहतात. म्हणून एकेक अणू सुटा करून लोखंडाच्या गंजावर बसवायचा, म्हणजे चिमूटभर धातूत कारखान्याचा विषारी धूर साफ होतो. पण हे सुटे अणू महाबेरकी. जरा तापले की सरकतात आणि घोळका करून बसतात. सूयुनने त्यांना जागच्या जागी बसवून दाखवलं. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली, ठरलेलं लग्न मोडलं. आणि शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर नावं कुणाची? थेंग सर आणि त्यांचा पुतण्या! ती जाब विचारायला गेली तर म्हणाले, "अगं, तुझी नजर काय छान आहे! तू आपला सूक्ष्मदर्शक सांभाळ."

तिने तो सांभाळला. कधी ना कधी हा माणूस आपल्या खुर्चीमागे येऊन उभा राहणार, एवढ्याच आशेवर ती सूक्ष्मदर्शकाच्या तळघरात टिकली.

आणि तो दिवस आला. सरांना नवी मोठी प्रयोगशाळा द्यायची की नाही, हे ठरवायला समिती यायची होती. अणू समितीसमोर पडद्यावर दाखवायचे होते. दुपारी माशांच्या मोमोंवर ताव मारताना सूयुन हाताखालच्या धाकट्या मिआओला म्हणाली, "आज म्हाताऱ्याचे अणू मी भाजणार. नमुना त्याच्याच हातचा, कच्चाच असणार. यंत्रातला इलेक्ट्रॉनांचा झोत एकाच जागी धरला की झालं. हादरतील, सरकतील, सगळ्यांदेखत गोळा होतील."

"ताई, नोकरी जाईल!"

"जाऊ दे. आईची सुरी आहे घरात. मासे कापीन."

समिती खाली आली. थेंग सरांनी ओळख करून दिली, "ही सूयुन. रसायन वगैरे तिचा विषय नाही. यंत्र चालवते."

सूयुनने दात आवळले. पडद्यावर काळोखात पांढरे ठिपके उमटले, एकेक सुटा. तिने झोत रोखला. ठिपके तसेच. तिने तो वाढवला. मेल्यांनो, हला ना! एकही हलला नाही. कशाला हलतील? सरांनी तिचीच कृती तंतोतंत उतरवली होती. भाजायला निघाली ती स्वतःचंच काम, आणि वैऱ्याला आयता पुरावा देऊन बसली. तिच्या डोळ्यांत संतापाने पाणी आलं.

"वा!" समितीच्या अध्यक्ष शेन बाई पुढे वाकल्या. "एवढ्या माऱ्यात टिकतात कसे हे?"

"ते... गंजाच्या पृष्ठभागामुळे," थेंग सर म्हणाले.

"गंज तर मीही वापरते. माझे पळतात."

सरांना घाम फुटला. सवयीने ते खुर्चीकडे वाकले. "सूयुन, सांग ना गं. तूच तर बनवलं होतंस."

"हिने?" शेन बाईंनी चष्मा काढला. "निबंधावर तर हिचं नाव नाही!"

उत्तर सूयुनच्या ओठावर होतं. शेवटची धुलाई गार पाण्याने करायची, मग थोडा क्षार मागे राहतो आणि तोच अणूंना धरून ठेवतो. एवढं बोलली असती तर ती त्या क्षणी पुन्हा रसायनतज्ज्ञ झाली असती.

तिने खुर्ची वळवली. "मला काय कळतंय, बाई? रसायन माझा विषय नाही. मी यंत्र चालवते. आत्ताच नाही का सरांनी सांगितलं?"

समिती चहासुद्धा न घेता वर निघून गेली, आणि सर तिच्यामागे धावले.

"ताई, सांगून टाकायचं होतंस!" मिआओ हळहळली. "नाव मिळालं असतं."

सूयुनने यंत्र बंद केलं.

"नाव उद्या घेईन. आज त्याचं गेलेलं डोळे भरून बघू दे."