शार्दूलच्या पिल्लासाठी घर

रमण आगवेकर गेली वीस वर्षं ऑकलंडमध्ये, पेनरोजच्या एका वर्कशॉपमध्ये किचनची कपाटं बनवतो. त्याच्या मुलाने, शार्दूलने, बाराव्या वर्षी साप पाळायचा हट्ट धरला तेव्हा त्याला हायसंच वाटलं होतं. न्यूझीलंडमध्ये साप नाहीत आणि पाळायला कायद्याने बंदी. सरकारच नाही म्हणतंय, मी काय करू, असं सांगून तो मोकळा झाला.

पुढे शार्दूल नोकरीसाठी ब्रिस्बेनला गेला आणि तिथे रीतसर लायसन्स काढून त्याने अजगराचं पिल्लू आणलं. आईने, मृदुलाने, आठवडाभर फोन घेतला नाही. रमणही नाराज होता. पण व्हिडिओ कॉलवर ते पिल्लू प्लास्टिकच्या डब्यात दिसलं आणि त्याला राहवेना. पेटी मी करून देतो, म्हणाला.

त्याने चार फुटी पेटीचं ड्रॉइंग काढलं. शार्दूल हसला. "बाबा, पिल्लू आहे ते. एवढ्या मोठ्या जागेत घाबरतं. खाणं सोडतं."

मग रमणने मध्ये सरकती फळी घातली. पिल्लू वाढेल तशी जागा वाढवायची. दर रविवारी तासतासभर बोलणं चाले. एक बाजू उबदार हवी, दुसरी गार. दोन्हीकडे लपायला आडोसा. काचेला कुलूप, कारण बोटभर फटीतूनही ते निसटतं. बापलेक इतकं कित्येक वर्षांत बोलले नव्हते. पापाकुऱ्यातल्या घराच्या गॅरेजमध्ये सगळे भाग कापून तयार झाले. ईस्टरची तिकिटं निघाली.

ईस्टरला तीन आठवडे असताना शार्दूलच्या बाइकला ट्रकने उडवलं.

रमण आणि मृदुला ब्रिस्बेनला गेले, तिथेच त्याचे अंत्यविधी उरकून परतले. निघताना शार्दूलचा फ्लॅटमेट बेन चाचरत म्हणाला, की पिल्लू तो सांभाळेल, लायसन्स त्याच्याकडेही आहे. इकडे आणायचा तर प्रश्नच नव्हता.

ईस्टरला रमण त्याच तिकिटावर पुन्हा गेला, एकटाच, पेटीचे भाग घेऊन. बेनच्या खोलीत त्याने ती जोडली. दोन्ही टोकांना थर्मामीटर लावून आकडे स्थिर होईपर्यंत तो समोर बसून राहिला. बेनने पिल्लू आत सोडलं. ते कडेकडेने सरकत गेलं, आडोशाखाली शिरलं आणि दिसेनासं झालं. रमणने थोडा वेळ बसू का म्हणून विचारलं. बेन दार ओढून बाहेर गेला. तेव्हा कुठे रमण रडला. अंत्यविधीला त्याला रडू आलं नव्हतं.

घरी आल्यावर मृदुलाने त्याला जेवायला वाढलं. पिल्लू केवढं आहे, खातं का, एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "त्याने नाव काय ठेवलं होतं त्याचं?"

इतक्या रविवारांत रमणने ते कधी विचारलंच नव्हतं.

मृदुलाने उठून फोन आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. "बेनला विचार," ती म्हणाली.