सहाव्या ग्रीनचा उतार

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, चेन्नईतल्या एका जुन्या गोल्फ क्लबात तीस वर्षं गवत राखलं. निवृत्त झाल्यावर ते मैलापुरात माझ्याकडे राहायला आले, पण जीव अडकलेला तिथंच, सहाव्या ग्रीनवर. झेंड्याभोवतीची ती बारीक कातरलेली हिरवळ उजवीकडून डावीकडे उतरती होती.

"ज्यानं ती आखली ना, त्याला चेंडू थेट झेंड्यापाशी टाकलेला नको होता," ते सांगायचे. "उजवीकडे, जरा अलीकडेच टाकायचा. पुढं जमीनच त्याला वळवून नेते. पण त्यासाठी जमीन टणक हवी."

अप्पा नोकरीत असतानाच क्लबनं फवारे बसवले. गवत मऊ झालं. चेंडू उंचावरून पडायचा आणि पडेल तिथंच थांबायचा. सभासद खूश. फवाऱ्याची चावी रोज अप्पाच फिरवत.

"मीच बिघडवलं गं ते," एकदा जेवताना म्हणाले आणि सांबारभात तसाच टाकून उठले.

मग एका उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले. आमच्या गल्लीत टँकरपुढे घागरींची रांग लागायची. क्लबनंही फवारे बंद केले. अप्पांच्या जागी आलेल्या माणसाचा फोन आला. "सर, सहावं दगडासारखं झालंय. येता बघायला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही ऑटोनं गेलो. गवत पिवळं पडलं होतं. मला वाटलं, अप्पा हळहळतील. त्यांनी चप्पल काढली, टाचेनं जमीन दाबली आणि हसले. मग गोल्फची काठी मागून घेतली आणि फटका मारायला लांब जाऊन उभे राहिले. पहिला चेंडू ग्रीनकडेच्या वाळूच्या खड्ड्यात गेला. दुसरा उजवीकडे अलीकडेच पडला, दोन उड्या घेऊन धावला आणि सावकाश डावीकडे वळू लागला.

"अप्पा, अजून चाललाय!" मी ओरडले.

झेंड्यापासून दोन हातांवर तो थांबला. अप्पा बराच वेळ बघत राहिले. "असंच," एवढंच म्हणाले.

निघताना त्यांनी त्या माणसाला विनवलं, "पाऊस आला तरी इथं पाणी कमीच ठेव." तो "बघतो" म्हणाला.

वर्षभरात अप्पा गेले. मध्यंतरी मी त्या माणसाला फोन केला होता. "मऊच आहे, मॅडम," तो ओशाळून म्हणाला. "सभासदांना तसंच लागतं."

मला गोल्फ कळत नाही. तरी ऑफिसात बसल्याबसल्या फार वाटतं, अप्पांशेजारी उभं राहून तो चेंडू आणखी एकदा वळताना बघावा.