तेवीस वाक्यांचे उत्तर

जयमाला येलवे यांचे विद्यापीठाशी पहिले नाते अर्ध्यावर तुटले. १९९९ साली त्यांनी कला शाखेच्या प्रथम वर्षाचा परीक्षा अर्ज भरला होता. परीक्षेआधी लग्न झाले आणि त्या श्रीवर्धनजवळच्या बौद्धवाडीत आल्या. अर्जाची पावती उरलेली नाही, त्यामुळे सालाबाबत त्यांच्या स्मरणावरच विसंबावे लागते. पंचवीस वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्यांनी ग्रामीण समाज आणि श्रम या विषयावरच्या बारा आठवड्यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव घातले. प्रमाणपत्राचा उपयोग काय, असे कोणी विचारले की त्या एवढेच सांगत: परीक्षेला बसायचे आहे. त्यासाठी मात्र दर आठवड्याच्या लेखी उत्तरांत सरासरी चाळीस टक्के गुण लागत.

व्याख्याने त्या कामावर ऐकत. सुपारीच्या वखारीत आठ-नऊ बायका वाळलेली सुपारी सोलत बसतात. जयमालाबाई फोन रिकाम्या स्टीलच्या डब्यात उभा करून ठेवत, म्हणजे आवाज मोठा होई. शेजारी त्यांच्याच वाडीतली, पंचविशीतली प्रणाली बसे. तिनेही नाव घातले होते. समोर आवडाबाई. त्या आतल्या भातशेतीच्या गावातून येतात, वय सत्तरीकडे, अक्षरओळख नाही. प्राध्यापकांशी सर्वांत जास्त वाद त्यांचाच होई. 'संरचना' हा शब्द आला की त्या विचारत, हा माणूस कधी जमिनीवर बसलाय का.

पहिली पाच उत्तरे दोघींनी आपापल्या घरी लिहिली. सहावा प्रश्न वखारीचाच निघाला: आपल्या परिसरातील एका कामाची बाई-पुरुषांत विभागणी कशी होते आणि ती का टिकते? साहजिकच उत्तर वखारीत तयार झाले. जयमालाबाई अकरा वर्षे वाडीतल्या महिला मंडळाच्या सचिव आहेत. मंडळात ठराव एकीने लिहायचा, मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी दुरुस्त करायचा आणि मग सर्वांनी तो आपला म्हणून खाली सही करायची, अशी रीत आहे. कोणी स्वतःचा वेगळा मजकूर लिहून आणला तर तिथे ते फुटीचे लक्षण मानतात. उत्तरही तसेच झाले: तेवीस वाक्ये, सुरुवात 'आम्ही'ने. दोघींनी तोच मजकूर आपापल्या खात्यातून पाठवला. यात काही गैर आहे असे दोघींपैकी कोणालाही वाटले नाही.

चार दिवसांनी संदेश आला. दोन्ही उत्तरे शब्दशः सारखी, दोघींना शून्य, नावापुढे कॉपीची नोंद, सात दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणार नाही. जयमालाबाईंनी दिलेल्या क्रमांकावर फोन केला. अभ्यासक्रमाचे सहायक निकेत यांनी सौजन्याने मार्ग सांगितला. पहिला मसुदा कोणाच्या फोनवर लिहिला गेला, एवढे वेळेच्या पुराव्यासह कळवावे. तिचे गुण परत मिळतील, कॉपीची नोंद दुसरीच्या नावावर राहील.

मसुदा जयमालाबाईंच्या फोनवर होता. म्हणजे जे कळवायचे ते खोटेही नव्हते.

प्रणाली सांगते की ताईंनी हा पर्याय त्याच क्षणी धुडकावला. तसे घडलेले नाही. जयमालाबाईंच्या फोनमध्ये न पाठवलेला मजकूर अजून आहे: "पहिला मसुदा माझा आहे. सोबत वेळेचा फोटो." तो मंगळवारी लिहिलेला आहे. विचारल्यावर त्यांनी तो स्वतः काढून दाखवला. शनिवारपर्यंत त्या रोज प्रणालीशेजारी बसून सुपारी सोलत होत्या आणि निकेत काय म्हणाले ते तिला सांगत नव्हत्या, हेही त्यांनीच सांगितले.

शनिवारी वखारीत त्यांनी ते उघड केले. प्रणाली म्हणाली, पाठवून टाका ताई, माझं अजून वय आहे, तुमचं कुठे आहे. आवडाबाईंनी हात थांबवले.

"म्हंजे लिवलं हिनं, म्हणून उत्तर हिचं?"

"नियम तसा आहे, काकी."

"आन बोललं कोण? झाडावर चढणारा पडला तर गावभर व्हतं, सोलणारीचं नख गेलं तर तिच्या घरालाबी कळत न्हाय, हे काय तुज्या फोनानं सांगितलं व्हय?"

"तुम्ही सांगितलंत."

"मग माजी परीक्षा कधी हाय, इचार त्याला."

बायका हसल्या. जयमालाबाई हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली. त्या दुपारी एकेक वाक्य वाचून ते कोणाचे, हे ठरवण्यात आले. नऊ आवडाबाईंची, सहा जयमालाबाईंची, पाच प्रणालीची. दोन वाक्यांवर दोन बायकांनी हक्क सांगितला, म्हणून तिथे दोन्ही नावे पडली. एक कोणाचेच निघेना. ते प्राध्यापकांचे होते. रविवारी ही यादी रवाना झाली. सोबतच्या चिठ्ठीत होते: "उत्तर एकीचे नाही. कोणाचे काय ते कळवत आहोत. कॉपी कोणी केली हे आम्हाला ठरवता आले नाही."

कॉपीची नोंद दोघींच्या नावावरून निघाली. गुण मात्र प्रत्येकीला तिच्या वाक्यांपुरतेच देण्यात आले. जयमालाबाईंना वीसपैकी पाच. अख्ख्या उत्तराची किंमत सतरा होती, असे निकेत यांच्या उत्तरात नमूद आहे. बारा आठवड्यांअखेर त्यांची सरासरी अडतीस भरली. मंगळवारचा मजकूर पाठवला असता तर ती त्रेचाळीसच्या जवळपास गेली असती. प्रवेशपत्र आले नाही. प्रणालीची इतर उत्तरे सरस होती. ती परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली.

जुलैत जयमालाबाईंनी पुन्हा नाव घातले. आता उत्तरे त्या घरी एकट्याने लिहितात. वखारीत व्याख्यान सुरूच असते, पण आवडाबाई मत देण्याआधी विचारतात, हे माज्या नावानं जानार का. हो म्हटल्याशिवाय त्या पुढे बोलत नाहीत.

ऑक्टोबरअखेर माणगावच्या केंद्रावर जयमालाबाई लेखी परीक्षेला बसल्या. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराखाली त्यांनी आवडाबाईंचे पूर्ण नाव आणि गाव लिहिले, असे त्या सांगतात. उत्तरपत्रिका पाहायला मिळालेली नाही.