रुमालाखालचा हात : कादरमियाँ जर्राह यांच्या साठीनिमित्त

कादरमियाँ जर्राह यांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती मी भर दवाखान्यात त्यांच्या अंगावर धावून गेलो तेव्हा. आज त्यांच्या साठीनिमित्त अकोल्याची आणि अमरावतीची मंडळी ही वही काढीत आहेत. तीत मीही लिहावे असा निरोप आला, तेव्हा मला वाटले की निरोप्या घर चुकला. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला कापसाचा दलाल. पंतोजींकडे दोन पावसाळे धुळाक्षरे गिरवली, पुढचे बाजाराने शिकवले. चार वेळा लिहिले आणि चार वेळा फाडले. शब्द चुकले असतील तर मंडळींनी सुधारावेत. घडलेले मात्र बदलू नये.

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. जर्राह म्हणजे जखमा आणि गळवे यांचे काम करणारा माणूस. कादरमियाँचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हेच करीत आले. ते आधी अमरावतीच्या दवाखान्यात होते, मग अकोल्याला आले. कापण्याचे काम डॉक्टरसाहेब भुलीचे औषध हुंगवून करतात. पण भूल उतरते. मग रोज पट्टी सोडायची, जखम धुवायची, नवी बांधायची. मोठी माणसे दात आवळून सोसतात. लेकरांनी काय करावे? त्या वेळेला कादरमियाँ लेकरापाशी बसतात.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला कोणी स्वप्नातही पाहिला नव्हता असा भाव आला होता. बाजारात गाड्यांना गाड्या भिडलेल्या. आमच्याकडे सौदा तोंडाने होत नाही. दोघे हातांवर रुमाल टाकतात आणि त्याखाली एकमेकांची बोटे दाबून भाव सांगतात. भोवतालच्यांना कळू नये म्हणून तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही. आणि सौदा जुळेपर्यंत हात बाहेर काढायचा नाही. काढला तर समोरच्याचा अपमान.

त्या दिवशी माझी सात वर्षांची नात यमुना माझ्याबरोबर होती. आमच्या गाडीच्या चाकापाशी सांडलेला कापूस वेचीत होती. चाकाला दगड लावायचा मी घाईत विसरलो होतो. माझा हात रुमालाखाली होता, एका बोटाचा फरक उरला होता, आणि मागून "आबा!" अशी हाक आली. ती मी ऐकली. हे आजवर मी एकाच माणसाला सांगितले आहे, आता सर्वांना सांगतो. मी हाक ऐकली आणि हात काढला नाही. दोन श्वासांचा वेळ गेला असेल. मग लोक ओरडले. बैल मागे सरले होते आणि पोरीचा उजवा हात चाकाखाली होता.

दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी दोन बोटे काढली, तीन वाचवली. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तो दारातच थिजलो. यमुनेच्या डाव्या हातावर रुमाल, रुमालाखाली एका दाढीवाल्या माणसाचा डावा हात, आणि पोरगी मान ताठ करून सौदा करीत होती! रुमालाचे दुसरे टोक तिच्या उजव्या हातापुढे पडद्यासारखे उचलून खुंटीला अडकवले होते. मला ते दिसले, पण त्याचा अर्थ कळला नाही. डोळ्यांपुढे फक्त तो रुमाल होता.

"पोरीची बोटं तुटली, अन् तुमी बोटांचा खेळ करून राहिले?" असे ओरडून मी रुमाल ओढला.

पडदा गेला. यमुनेने आपला उघडा हात पहिल्यांदा पाहिला. ती रडली असती तर बरे झाले असते. तिने हात पोटाशी घेतला आणि भिंतीकडे तोंड केले. कादरमियाँ माझ्यावर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बाबा, सौदा तोडला तुमी."

दोन दिवस तिने हाताला कोणाला शिवू दिले नाही. धरून पाहिले, तर अशी झटापट केली की टाका उसवला. जखमेला वास येऊ लागला. साहेबांनी सांगितले, उद्या धुतली नाही तर हात मनगटापासून काढावा लागेल. मी दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसलो.

तिथे कादरमियाँ आपण होऊन माझ्याशेजारी येऊन बसले. ज्याने चारचौघांत अपमान केला त्याच्याशेजारी! त्यांनी मला सगळे समजावून सांगितले. अमरावतीला एका मुलाच्या मानेची गाठ काढली होती. पट्टीच्या वेळी तो किंचाळायचा. एकदा खिडकीबाहेर दोन व्यापारी रुमाल टाकून उभे होते. किती बोटे दाबली असतील हे ओळखण्यात तो मुलगा असा गुंतला, की पट्टी सुटून नवी बांधली तरी त्याला पत्ता नाही. तेव्हापासून ते डाव्या हाताने लेकराशी सौदा करतात आणि उजव्या हाताने चिकटलेल्या पट्टीवर कोमट पाण्याची धार धरतात. आमच्याकडची लेकरे जन्मापासून हा रुमाल पाहतात, पण त्याखाली हात घालू देत नाही कोणी. इथे तो मान त्यांना मिळतो. आणि तोंडावर काही दिसू द्यायचे नाही हा तर बाजाराचा नियमच.

"दुखणं जात नाई, बाबा," ते म्हणाले. "मन थोडं दुसऱ्या गावी जाऊन येते. तेवढ्यात आपलं काम करून घ्यायचं."

मग मी त्यांना त्या हाकेचे सांगितले. ते म्हणाले, "उद्या रुमालाखाली तुमी बसा."

"सौदा तोडणारा तं मीच, मियाँ."

"असू द्या. सौद्यात तुमच्यासारखा पक्का माणूस नाई, अख्ख्या बाजाराले ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुंटीला पडदा बांधला आणि यमुनेला म्हणाले, "दुखेल, बेटा. खोटं नाई सांगत. पण गिऱ्हाईक मोठं आणलं आज." लेकराशी खोटे बोलायचे नाही आणि त्याला मुद्दाम जिंकू द्यायचे नाही, हे त्यांचे दोन नियम मी तेव्हापासून पाहत आलो आहे.

यमुनेने माझ्याकडे पाहिले. "हे काय गिऱ्हाईक! हे तं आबा. मी गाडीखालून हाक मारली तवा यायनं हात नाही काढला, अन् इथं रुमालच ओढला. उलटंच करते आबा."

मंडळी, पोरीला ठाऊक होते! तीन दिवस ती ते घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती.

मग तिने डावा हात रुमालाखाली घातला. "आज काढू नका," ती म्हणाली.

"काय विकते, माय?"

"मोर्णा नदी. मासे संग नाही येणार, आधीच सांगते. भाव पैशात नाही, बोरांत."

मी दोन बोटे दाबली. तिने झिडकारली. पलीकडे पाण्याची धार सुरू झाली. मी तीन दाबली. तिने माझी चार बोटे अशी आवळली की नखे रुतली, पण तोंडावरची रेघ हलली नाही. पट्टीचा शेवटचा पदर सुटला तेव्हा ती थरथरली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आले.

"आबा, तोंडावर दिसून राहिलं तुमच्या," ती म्हणाली. "आता पाच."

नदी मी पाचाला घेतली. हात राहिला. पुढे सव्वा महिना रोज आमचा सौदा होई. तिने मला आगगाडी विकली, कलेक्टरसाहेबाचा घोडा विकला, एकदा तर कादरमियाँची दाढी विकली, आणि त्यांनी ती मान डोलावून मंजूर केली.

आता यमुना कधी कधी दवाखान्यात जाते आणि लहानग्यांच्या रुमालाखाली मुद्दाम उजवाच हात घालते. तीन बोटांत पाचाचा भाव कसा सांगते, हे मी विचारलेले नाही. दुसऱ्याच्या रुमालाखालचे विचारू नये.

मला मात्र अजून धक्का बसतो. ज्या रुमालाखाली माझ्याकडून असे घडले, तोच रुमाल या गृहस्थांनी माझ्याच हातावर पुन्हा टाकला. एवढा भरवसा माझ्यावर माझा स्वतःचाही नव्हता.

कादरमियाँची साठ वर्षे झाली. त्यांच्या अल्लाने आणि माझ्या देवाने एकदा माझ्यासमोर बसावे. मी रुमाल टाकीन आणि कादरमियाँसाठी शंभर मागेन, धडधाकट हातापायांची आणि निरोगी डोळ्यांची शंभर. ते ऐंशी म्हणतील, नव्वद म्हणतील. मी जुना दलाल आहे. शंभर कबूल होईपर्यंत हात काढणार नाही.