पैलवानाच्या रक्तावरची साय

"बाई, आधी नळ्या धुवायला शिका," डॉक्टर म्हणाले आणि टेस्ट ट्यूब माझ्या हातात परत दिली.

ट्यूब मी दोनदा उकळली होती. सेंट्रिफ्यूजमध्ये रक्त गरागरा फिरवलं की लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. ते सीरम. रात्रभर उपाशी असलेल्या माणसाचं सीरम नितळ दिसायला हवं. हे दुधासारखं पांढरं होतं.

सत्तरच्या दशकात भोरला एका चार खाटांच्या खाजगी दवाखान्यात मी लॅब सांभाळत होते. रक्त होतं पालीच्या आप्पा पैलवानांचं. आखाडा सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, खुराक मात्र सुटला नव्हता. वहाण चावली, मधुमेहाने जखम चिघळली, अंगठा काळा पडला. डॉक्टर इन्सुलिन वाढवत होते आणि साखर ढिम्म हलत नव्हती. पंधरवड्यात उतार पडला नाही तर पाय कापायला पुण्याला पाठवायचं ठरलं होतं.

मी म्हटलं, रक्तात चरबी दिसतेय, ते काय खातात ते विचारू या. डॉक्टरांनी आप्पांच्या दंडावर कौतुकाने थाप मारली. साखर बंद केलीच आहे, दूधतुपाने ताकद येते, म्हणाले. एवढं शिकून माणसाला मांस आणि चरबी यातला फरक कळू नये, याचा मला आजही संताप येतो.

याला आता इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. खाऊन खाऊन चरबी वाढते, रक्तात उतरते, लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साठते. मग इन्सुलिनने कितीही हाका मारल्या तरी शरीर दाद देत नाही, आणि साखर रक्तातच फिरत राहते. तेव्हा मला हा शब्द ठाऊक नव्हता. डोळे मात्र होते.

ट्यूब मी इन्सुलिनच्या फ्रीजमध्ये ठेवून दिली. सकाळी वर जाड पांढरा थर आला होता. डॉक्टरांकडे गेलेच नाही. आप्पांची बायको, काकू, भोरमधल्या नातेवाइकांकडून डबा घेऊन यायच्या. त्यांना दाखवली.

"ही तर साय हाय," रोज लोणी काढणाऱ्या काकू म्हणाल्या.

"तुमच्या मालकांच्या रक्तावरची आहे."

काकू खाली बसल्या. मग एकेक सांगू लागल्या. दोन वेळा तांब्याभर आटीव दूध, वाटीभर तूप, वर बदामाची थंडाई. दवाखान्यातसुद्धा. खुराक तोडला तर पैलवानाचं घर बसलं असं लोक म्हणतील, ही भीती.

"आन् पाय गेल्यावर ह्यास्नी गाव उचलून न्हेनार हाय व्हय?" त्या स्वतःशीच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी डब्यात नाचणीची एक भाकरी आणि पालेभाजी आली. आप्पांनी डबा भिरकावला. काकूंनी शांतपणे फरशी पुसली आणि संध्याकाळी तेवढंच आणलं. तीन दिवस आप्पा बायकोशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी मुकाट्याने जेवले.

मी रोज साखर तपासत होते. आकडा घसरू लागताच, साखर धोक्याइतकी खाली जाऊ नये म्हणून डॉक्टरांच्या मागे लागून डोस कमी करायला लावला. पंधरवड्याच्या आत सीरम नितळ झालं आणि इन्सुलिन निम्म्यावर आलं. अंगठा गेला, पाय वाचला.

डॉक्टरांनी भोरभर सांगितलं की त्यांचं इंजेक्शन अखेर लागू पडलं. आप्पांनीही तेच सांगितलं. दोघांनाही तेच सोयीचं होतं.

डोस वाढवण्याआधी ताटात काय आहे ते विचारावं, एवढंच मी शिकले. ते विचारायला पदवी लागत नाही. म्हणूनच पदवीवाल्यांना ते कमीपणाचं वाटतं.